एका डासाची अनेक शास्त्रे

काही दिवसांपूर्वी एका कनिष्ठ महाविद्यालयात व्याख्यानासाठी जाण्याचा योग आला. वर्गात शिरलो तेव्हा फळ्यावर आधीच्या तासाचे लिखाण तसेच होते. ‘जोड्या लावा’चा प्रश्न होता. डाव्या बाजूला प्राणिशास्त्राच्या शाखा, उजव्या बाजूला त्यांचे विषय. कीटकशास्त्र आणि कीटक, मत्स्यशास्त्र आणि मासे, पक्षिशास्त्र आणि पक्षी, परजीवीशास्त्र आणि परजीवी अशा सगळ्या रेघा बिनचूक जुळवलेल्या होत्या. आम्ही व्याख्यान सुरू करण्यापूर्वी ‘काही शंका?’ असे सहज विचारले. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, हिवतापाचे जंतू डासाच्या अंगात वाढतात. मग तो डास कीटकशास्त्रात घालायचा की परजीवीशास्त्रात?”

वर्गात हशा पिकला. आम्ही ‘दोन्हीत’ असे उत्तर देऊन वेळ निभावली. परत येताना मात्र गाडीत तो प्रश्न मनात घोळत राहिला. आमचे उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते. त्या मुलीला जे खुपले होते, ते आपल्या शिकवण्यातलेच एक वैगुण्य आहे. शाखा म्हणजे प्राणी भरून ठेवण्याचे कप्पे, अशी समजूत आपण नकळत करून देतो. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे सवडीने दिलेले उत्तर आहे.

शाखा दोन प्रकारच्या

प्राणिशास्त्राच्या शाखांची यादी नीट पाहिली तर तिच्यात दोन निरनिराळे प्रकार मिसळलेले दिसतात. काही शाखा ‘कोणता प्राणी?’ यावरून पडल्या आहेत. कीटकशास्त्र, मत्स्यशास्त्र, पक्षिशास्त्र, सस्तन प्राण्यांचा अभ्यास या त्या शाखा होत. दुसऱ्या प्रकारच्या शाखा ‘कोणता प्रश्न?’ यावरून पडल्या आहेत. हा प्राणी कोण आणि कोणाच्या नात्यातला, हे वर्गीकरणशास्त्र विचारते. त्याच्या शरीराची घडण कशी, हे शरीररचनाशास्त्र पाहते. ते शरीर चालते कसे, हा शरीरक्रियाविज्ञानाचा प्रश्न. अंड्यापासून तो घडतो कसा, हे भ्रूणविज्ञान सांगते. तो वागतो कसा हे वर्तनशास्त्र, कोठे आणि कोणाच्या संगतीत जगतो हे परिस्थितिविज्ञान, पिढ्यान्‌पिढ्या काय उतरते हे आनुवंशिकी, आणि पृथ्वीवर कोठे आढळतो व तेथेच का, हे प्राणिभूगोल पाहतो.

फळ्यावर एक तक्ता काढावा. डावीकडे एकाखाली एक प्राण्यांचे गट लिहावेत आणि वरच्या बाजूला ओळीने हे प्रश्न. प्रत्येक प्राण्याला प्रत्येक प्रश्न विचारता येतो, हे मुलांच्या चटकन लक्षात येते. परजीवीशास्त्राची गंमत अशी, की ते एका वेळी दोन ओळींत पाय ठेवते. त्याला परजीवी ठाऊक असावा लागतो आणि त्याचा यजमानही.

आता या तक्त्यातली डासाची एकच ओळ घेऊ आणि तिच्यावरून चालत जाऊ. वाटेत कोणकोणत्या शाखा लागतात आणि एखादी गाळली तर काय होते, ते पाहू.

नाव ठाऊक नसले तर

१८८० मध्ये अल्जेरियातील एका लष्करी रुग्णालयात आल्फोन्स लाव्हेरान या फ्रेंच डॉक्टरने रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी पाहिले. ते एका माणसातून दुसऱ्यात जातात कसे, हे मात्र कोणालाच माहीत नव्हते. डासाचा यात हात असावा, असे पॅट्रिक मॅन्सन यांना वाटत होते. हत्तीरोगाचे कृमी डासाच्या शरीरात वाढतात, हे त्यांनी आधीच दाखवले होते. मॅन्सन यांच्या सांगण्यावरून रोनाल्ड रॉस यांनी १८९५ मध्ये सिकंदराबादला डास फाडून पाहण्यास सुरुवात केली.

रॉस लष्करी डॉक्टर होते, प्राणिशास्त्रज्ञ नव्हते. डासांच्या जातींविषयी त्यांच्याजवळ ना पुस्तक होते, ना जाणकार. मग त्यांनी स्वतःच नावे पाडली. राखी डास, पट्टेरी डास आणि ठिपकेदार पंखांचा डास. पहिले दोन भोवताली विपुल होते, म्हणून रॉस तेच फाडत राहिले. दोन वर्षे उन्हाळ्यात, घामात, गंजलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली शेकडो डास पाहूनही हाती काही लागले नाही. आज आपल्याला माहीत आहे, की ते डास क्युलेक्स आणि एडिस या प्रजातींचे होते. माणसाच्या हिवतापाचा परजीवी त्यांच्यात वाढतच नाही.

ऑगस्ट १८९७ मध्ये ठिपकेदार पंखांचे काही डास त्यांच्या हाती लागले. हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला मोबदला देऊन त्याच्या अंगावर ते डास चाववण्यात आले. २० ऑगस्टला रॉस यांनी त्यातल्या एकाचे जठर उघडले. जठराच्या भिंतीत गोल पेशी होत्या आणि त्यांत परजीवीचे ओळखीचे काळे कण होते. पुढच्या वर्षी कोलकात्याला पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी परजीवीचा डासाच्या लाळग्रंथींपर्यंतचा सगळा प्रवास उलगडला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच १८९८ साली इटलीत जोव्हान्नी बात्तिस्ता ग्रासी यांनी माणसाचा हिवताप अ‍ॅनॉफिलिस डासच पसरवतो, हे सिद्ध केले. ग्रासी मुळात प्राणिशास्त्रज्ञ. कोणत्या गावात हिवताप आहे, कोणत्या नाही, आणि कोठे कोणत्या जातीचे डास सापडतात, याची त्यांनी आधी तुलना केली आणि संशयितांची यादी लहान केली. रॉस यांची चिकाटी अलौकिक होती, यात शंका नाही. पण डासांच्या जाती ओळखणारा कोणी शेजारी असता, तर त्यांची दोन वर्षे वाचली असती. वर्गीकरण म्हणजे लॅटिन नावांची घोकंपट्टी, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला ही हकीकत जरूर सांगावी.

डास आहे, हिवताप नाही

अ‍ॅनॉफिलिस दोषी ठरला आणि प्रश्न मिटला, असे वाटले. पण लवकरच एक कोडे समोर आले. युरोपात अ‍ॅनॉफिलिस मॅक्युलिपेनिस हा हिवतापाचा वाहक मानला जाई. काही प्रदेशांत हा डास मुबलक असूनही हिवतापाचा मागमूस नव्हता, तर दुसरीकडे थोडे डास असूनही हिवताप थैमान घालत होता. डास तोच, मग फळ निराळे का?

उत्तर मिळाले ते अंड्यांत. १९२६ मध्ये इटलीतील फालेरोनी यांनी दाखवले, की सारख्या दिसणाऱ्या या माद्यांच्या अंड्यांवरची नक्षी वेगवेगळी असते. पुढे कळले, की ‘मॅक्युलिपेनिस’ ही एक जात नसून अनेक जातींचा समूह आहे. त्यातली मेसी ही जात मुख्यतः गुरांचे रक्त पिते. लॅब्रांकी माणसाला चावते. जेथे पहिली, तेथे गोठ्यात डास आणि घरात आरोग्य. जेथे दुसरी, तेथे ताप. दिसायला एकसारख्या, पण आपसांत संकर न करणाऱ्या अशा जातींना आपण ‘जुळ्या जाती’ म्हणू.

येथे तीन शाखा एकत्र आलेल्या दिसतात. अंड्याच्या कवचाची रचना, चावण्याच्या सवयीचे वर्तनशास्त्र आणि जात ठरवणारे वर्गीकरण. कोणत्याही एकीने हे कोडे सुटले नसते.

आपल्याकडचे उदाहरण आणखी बोलके आहे. ग्रामीण भारतात हिवतापाचा प्रमुख वाहक म्हणजे अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस. कालवे, नदीपात्रातली डबकी, भातखाचरे यांत तो वाढतो. त्याच्या बाबतीत अंड्यांचाही उपयोग झाला नाही. तेथे मदतीला आली आनुवंशिकी. अंडी अर्धवट तयार झालेल्या मादीच्या अंडाशयात काही पोषक पेशी असतात. त्यांतील गुणसूत्रे नेहमीपेक्षा कितीतरी जाड असतात आणि त्यांच्यावर आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. काही डासांत या पट्ट्यांचा एक तुकडा उलट्या क्रमाने बसलेला आढळला. आता विचार करा. एकाच गावात सरळ क्रमाचे आणि उलट्या क्रमाचे असे दोन्ही डास आहेत. ते एकमेकांत संकर करत असतील, तर काही डासांत एक गुणसूत्र सरळ आणि दुसरे उलटे, अशी जोडी सापडायलाच हवी. शोधूनही ती सापडत नसेल, तर निष्कर्ष एकच: हे दोन्ही डास एका भिंतीवर बसत असले तरी त्यांची बेटीव्यवहाराची बोलणी बंद आहेत. १९८० मध्ये अशा दोन जुळ्या जाती वेगळ्या काढण्यात आल्या. पुढे दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्रातील आणि इतर भारतीय संशोधकांच्या कामातून ही संख्या पाचवर गेली. त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी साधी नावे आहेत. त्यातली ‘बी’ ही जात भारतात हिवताप पसरवण्यात अगदी कच्ची आहे.

याचा व्यवहारात अर्थ काय? एखाद्या तालुक्यात केवळ ‘बी’ जात असेल आणि तेथे फवारणीवर पैसा खर्च होत असेल, तर तो निरुपद्रवी डासांवर जातो. शेजारच्या तालुक्यात मात्र औषध कमी पडते. भिंगातून न दिसणारा फरक असा जिल्ह्याच्या अंदाजपत्रकात दिसतो.

डासाचे वय कसे सांगाल?

मादी डासच रक्त पिते, हे मुलांना पाठ असते. का, हे विचारावे. अंडी तयार करण्यासाठी तिला प्रथिने लागतात, ती रक्तातून मिळतात. रक्त प्यायचे, दोन-तीन दिवस ते पचवून अंडी तयार करायची, पाण्यावर घालायची आणि पुन्हा रक्ताच्या शोधात निघायचे, असे तिचे चक्र चालते. हे झाले शरीरक्रियाविज्ञान.

आता परजीवीकडे पाहू. रुग्णाच्या रक्ताबरोबर डासाच्या पोटात गेलेला परजीवी लाळग्रंथीत पोहोचायला हवामानाप्रमाणे साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणजे त्याआधी मेलेली मादी कितीही वेळा चावली तरी कोणाला हिवताप देऊ शकत नाही. धोका असतो तो म्हाताऱ्या मादीपासून.

येथे गणिताच्या शिक्षकांनाही बोलवावे. समजा, रोज १०० पैकी ९० डास दुसऱ्या दिवसापर्यंत जगतात. मग बारा दिवसांनी १०० पैकी सुमारे २८ उरतील. हेच प्रमाण रोज ७० वर आले, तर बारा दिवसांनी जेमतेम १ उरेल. रोजच्या जगण्यात थोडी घट झाली, तरी धोकादायक वयाच्या डासांची संख्या विसाव्या हिश्शावर येते. घराच्या भिंतींवर औषध मारण्यामागचे तत्त्व हेच आहे. रक्त प्यायल्यावर जड झालेली मादी भिंतीवर विसावते, हे वर्तनशास्त्राने सांगितले. तेथे औषध असेल तर ती लवकर मरते. सगळे डास मारावे लागत नाहीत, त्यांना म्हातारे होऊ दिले नाही तरी पुरते.

पण औषधाचा परिणाम होतो आहे की नाही, हे कळणार कसे? डासाच्या तोंडावर सुरकुत्या पडत नाहीत. सोव्हिएत संशोधिका देतिनोवा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास एक सुंदर युक्ती रूढ केली. कीटकांच्या शरीरात हवा खेळवणाऱ्या बारीक नलिका असतात. अंडी न घातलेल्या मादीच्या अंडाशयावर त्या गुंडाळलेल्या दोऱ्यासारख्या असतात. अंडाशय एकदा फुगला, की त्या ताणल्या जातात आणि पुन्हा गुंडाळल्या जात नाहीत. मादी फाडून अंडाशय भिंगाखाली ठेवला, की ती एकदा तरी बाळंत झाली आहे की नाही, हे कळते. पकडलेल्या डासांत अशा ‘लेकुरवाळ्यां’चे प्रमाण घटले, तर फवारणी काम करते आहे, असे समजावे. शरीररचनाशास्त्र जुने झाले, त्यात आता शोधण्यासारखे काय उरले, असे म्हणणाऱ्यांनी ही सुईच्या टोकावरची शस्त्रक्रिया एकदा पाहावी.

जिंकलेली लढाई हातची गेली

१९५३ मध्ये भारतात राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. तेव्हा देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो, असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने १९६५ पर्यंत ही संख्या सुमारे एक लाखावर आली. रोग संपलाच, असे वाटू लागले. आणि १९७६ मध्ये ती पुन्हा ६४ लाखांवर गेली.

याची कारणे अनेक होती. पैसा कमी पडला, औषधाचा पुरवठा अडखळला, यंत्रणा सैलावली. पण एक कारण निखळ प्राणिशास्त्रीय होते. डासांत डीडीटी पचवण्याची ताकद आली होती. क्युलिसिफेसीसमध्ये ती १९५९ मध्येच आढळली होती. औषधाने डासांत ताकद निर्माण केली, असे मुले लिहितात. ते सुधारून द्यावे. लक्षावधी डासांत काही थोडे आधीपासूनच असे असतात, की त्यांच्यावर त्या औषधाचा परिणाम कमी होतो. बाकीचे मरतात, हे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. डार्विनचा सिद्धान्त शिकवताना गॅलापागोस बेटांवर जाण्याची गरज नाही. तो आपल्या घराच्या भिंतीवर घडला आहे.

मग पाण्यातल्या अळ्या खाणारे मासे सोडावेत का? हा प्रश्न मत्स्यशास्त्राकडे जातो. गॅम्बुसिया हा अमेरिकेतला मासा १९२८ मध्ये भारतात आणला गेला. गप्पी माशांची तर आपल्या गावोगावी ओळख आहे. बंद टाक्या, विहिरी, हौद यांत त्यांचा उपयोग होतो. पण गॅम्बुसिया नदीनाल्यांत शिरला, की स्थानिक माशांची अंडी, पिले आणि बेडकांची लहान भैरी यांवरही ताव मारतो. अळ्या खाणारे मूळचे जीवच त्यामुळे कमी होऊ शकतात. मासा कोठे सोडावा याइतकेच कोठे सोडू नये, हेही परिस्थितिविज्ञानाला विचारले पाहिजे.

मुंबईचा डास आफ्रिकेत

शहरातला हिवतापाचा डास वेगळा आहे, त्याचे नाव अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी. त्याला स्वच्छ, साठवलेले पाणी लागते. गेल्या शतकाच्या आरंभी मुंबईत हिवताप पसरला, तेव्हा बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने शहरातल्या विहिरींकडे बोट दाखवले. आजही मुंबई महानगरपालिकेचे कीटकनाशक खात्याचे कर्मचारी शिड्या लावून गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे तपासतात, ती याच डासासाठी. याचेही प्रकार आहेत. १९३७ मध्ये स्वीट आणि राव यांनी अंड्याच्या बाजूच्या तरंगपट्टीवरील कंगोरे मोजून ते वेगळे केले. त्यातला ‘म्हैसूर’ प्रकार भारतात फारसा उपद्रवी नाही.

हा डास मूळचा दक्षिण आशियाचा आणि त्याच्या पश्चिमेच्या प्रदेशाचा. २०१२ मध्ये तो आफ्रिकेतील जिबूती या बंदराच्या देशात सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात. श्रीलंकेला सप्टेंबर २०१६ मध्ये हिवतापमुक्त देशाचे प्रमाणपत्र मिळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नार येथे स्टिफेन्सी आढळला. आफ्रिकेतले मूळचे वाहक डास मुख्यतः पावसाच्या डबक्यांत आणि खेड्यापाड्यांत वाढतात. हा पाहुणा कोरड्या ऋतूत, शहरातल्या टाकीत वाढतो. त्यामुळे तेथील शहरे, जी आजवर तुलनेने सुरक्षित होती, ती आता धोक्यात आली आहेत. अशा वेळी, ‘हा डास आमच्याकडचा नव्हे’ हे पहिल्याच दिवशी ओळखणारा माणूस जागेवर असणे, याचे मोल केवढे आहे, हे वेगळे सांगायला नको. प्राणिभूगोलाचा नकाशा असा रोगाच्या नकाशाला येऊन मिळतो.

वर्गात काय करता येईल?

पावसाळ्यात शाळेच्या आवारातच सामग्री मिळते. कुंडीखालची बशी, टायर, हौद, गटार अशा निरनिराळ्या ठिकाणच्या अळ्या त्याच पाण्यासह काचेच्या बरण्यांत आणाव्यात. तोंडाला बारीक मलमल रबराने घट्ट बांधावी. अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाशी कशा राहतात, ते मुलांना नुसते पाहू द्यावे आणि चित्र काढू द्यावे. क्युलेक्स आणि एडिसच्या अळ्या शेपटाकडच्या श्वासनळीने पृष्ठभागाला लटकतात, डोके खाली. अ‍ॅनॉफिलिसच्या अळीला अशी लांब नळी नसते. ती पृष्ठभागाला समांतर आडवी पडून राहते. आधी नावे सांगू नयेत. ‘यांचे गट पाडा’ एवढेच सांगावे. मुले गट पाडतात, क्वचित भांडतातही. तेच वर्गीकरण होय.

नंतर अळीचा कोष किती दिवसांनी झाला, याची रोज नोंद ठेवावी. अंड्यापासून डास होण्यास आपल्या हवेत साधारण आठवडा ते दहा-बारा दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस घरातली पाण्याची भांडी कोरडी करा, असे आरोग्यसेवक सांगतात. आठवडाच का, महिना का नाही, याचे उत्तर मुलांच्या वहीत आपोआप तयार होईल. कोष दिसू लागले, की डास बाहेर पडण्यापूर्वी त्या पाण्यात उकळते पाणी ओतून ते कोरड्या जमिनीवर टाकावे. ही जबाबदारी शिक्षकांनी स्वतःकडे ठेवावी.

आणि ‘जोड्या लावा’? तो प्रश्न काढून टाकावा, असे आमचे म्हणणे नाही. त्याच्याखाली आणखी एक प्रश्न घालावा: ‘तुमच्या गावात हिवतापाचे रुग्ण वाढले आहेत. तुम्ही कोणत्या शाखेच्या शास्त्रज्ञाला बोलवाल आणि त्याला काय विचाराल?’ त्या महाविद्यालयात पुन्हा जाण्याचा योग आला, तर मागच्या बाकावरच्या त्या मुलीला आम्ही आधी हाच प्रश्न विचारणार आहोत. आमच्या ‘दोन्हीत’ या उत्तरापेक्षा तिचे उत्तर बरेच लांब असेल, अशी आमची खात्री आहे.